शब्दांची हजेरी

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्ती विभागाचे आदरणीय प्रमुख. बांधकाम शिक्षणसंस्थेतून वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या प्राचार्याबाई. व्यासपीठावरील अन्य मान्यवर. विभागातील अभियंते, आरेखक, गवंडी, पाथरवट, सुतार आणि कार्यालयातील सर्व सहकारी. समोरच्या रांगेत बसलेली आमच्या घरची मंडळी. आणि या सर्वांच्या मधोमध, हातातला पुष्पगुच्छ आता नेमका कुठे ठेवावा या विवंचनेत बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, आपणां सर्वांना माझा सविनय नमस्कार.

सत्कारमूर्ती माझी थोरली बहीण आहे. तेव्हा यापुढे मी तिला ताईच म्हणेन. सभेचा शिष्टाचार मला ठाऊक नाही असे कृपया समजू नये. पण ज्या व्यक्तीने लहानपणापासून माझ्या गणितावर, माझ्या अक्षरावर आणि माझ्या भांग पाडण्याच्या पद्धतीवर न चुकता शेरे मारले, तिला मी एकाएकी 'आदरणीय महोदया' म्हणालो, तर कोण बाई आल्या म्हणून तीच मागे वळून पाहील.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. दुसऱ्याने केलेले काम बरोबर आहे की नाही हे तपासणे, हा माझा व्यवसाय. ताईच्या क्षेत्रातले मला काहीही कळत नाही, आणि हे मी विनयाने म्हणत नसून वस्तुस्थिती म्हणून सांगत आहे. ती तरुणपणी एकदा घरी येऊन उत्साहाने म्हणाली, "आज आम्हाला एक व्हॉल्ट सापडला, तीन बाजूंनी बुजवलेला!" तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो असा, की आत काय निघाले? आमच्या जगात व्हॉल्ट म्हणजे बँकेतली पोलादी दाराची खोली. ताईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर या सभागृहातल्या कित्येकांनी झेललेली असावी. कारण मागच्या रांगांतून आत्ता जे हसू आले, ते ओळखीचे हसू होते.

त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिने मला शिकवले. हात कोपरात वाकवून टेबलावर उभा धरला. "ही कमान." मग तो हात तसाच वाकलेला ठेवून टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ओढत नेला. "कमान अशी ओढत नेली, की मागे जे छत तयार होतं, तो व्हॉल्ट. आमचे गवंडी त्याला लदाव म्हणतात." मग तोच हात जागच्या जागी गरकन फिरवला. "आणि कमान स्वतःभोवती फिरली, की घुमट." या तिसऱ्या प्रकारात पाण्याचा पेला आडवा झाला. माझी पत्नी तेव्हा नवी नवरी होती, तरीही म्हणाली, "वन्सं, पुढची इमारत जरा कागदावर बांधा." नणंद-भावजयीची मैत्री त्या पेल्यापासून सुरू झाली, ती आजतागायत टिकून आहे. माझ्याविरुद्ध असली तर विशेषच टिकून आहे.

माझ्या आधीच्या दोन्ही वक्त्यांनी ताईला या विभागाच्या कमानीतला कळीचा दगड म्हटले. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. परंतु त्या वेळी सत्कारमूर्ती मान हलवत होत्या, हे आपण पाहिले असेल. ती मान होकारार्थी हलत नव्हती. कळीच्या दगडाबद्दल ताईचे मत घरात आम्ही सर्वांनी अनेकदा ऐकलेले आहे. तिचे म्हणणे असे, की तो मधला दगड शेवटी बसतो, म्हणून त्याचा फोटो निघतो, एवढेच. भार सगळ्याच दगडांवर असतो. कुठलाही एक काढून पाहा, बाकीचे तुम्हाला समजावून सांगायला थांबणार नाहीत.

मग ताईने या विभागात इतकी वर्षे नेमके काय केले? मोडकळीला आलेल्या कमानी उभ्या केल्या, लदावांच्या भेगा बुजवल्या, हे अध्यक्षमहोदयांनी सविस्तर सांगितलेच आहे. मी एका वेगळ्याच गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. इथल्या मंडळींना तिची इतकी सवय झाली आहे, की त्यात काही सांगण्यासारखे आहे असे कुणाला वाटले नाही. ती गोष्ट म्हणजे शब्दांची हजेरी.

घरच्या मंडळींसाठी आणि पाहुण्यांसाठी थोडा खुलासा करतो. कुठल्याही नव्या कामाच्या पहिल्या दिवशी ताई सगळ्यांना एकत्र उभे करते. गवंडी एका गावचे, पाथरवट दुसऱ्या, सुतार तिसऱ्याच मुलखातले, आणि अभियंते पुस्तकातले. एकाच छताला एक लदाव म्हणतो, दुसरा डाट म्हणतो, तिसरा नुसते गोल छत म्हणतो. मग भांडण होते. ताईच्या मते ते व्हायलाच हवे. हात वर करून एक शब्द निवडला जातो आणि काम संपेपर्यंत त्या जागेवर तोच शब्द चालतो. कमानीचा माथा, कमानीचे खांदे, आतल्या बाजूला पोट, वरच्या बाजूला पाठ. आणि जिथे उभी भिंत संपून कमान वळायला लागते, त्या जागेला उठाण. हा शेवटचा शब्द गवंड्यांच्या मुकादमांनी आपल्या आजोळाहून आणलेला. एका तरुण अभियंत्याने त्याला हरकत घेतली होती म्हणे, की हा शब्द कोणत्याही पुस्तकात नाही. त्यावर मुकादम म्हणाले, "साहेब, कमान तरी कुठे पुस्तकात उभीय?" उठाण बहुमताने मंजूर झाले.

त्यानंतर रोज सकाळी काम सुरू होण्याआधी ताई हातात लांब काठी घेऊन उभी राहते आणि एकेका जागेवर काठी टेकवते. ज्याच्याकडे पाहील त्याने शब्द सांगायचा. कारण साधे आहे. बांबूच्या परांचीवर उभा असलेला माणूस आणि खाली उभा असलेला माणूस एकमेकांना दिसत नाहीत. मध्ये असतो तो फक्त शब्द. आणि या हजेरीचा एकच कडक नियम आहे. शब्द आठवला नाही तर कुणीही सांगायचा नाही. सगळ्यांनी थांबायचे. "सांगितलेला शब्द राहत नाही, शोधलेला राहतो," असे ती म्हणे. सुतारकाका आज समोर बसले आहेत. कमानीखालचा लाकडी साचा, ज्याला सगळे सेंटरिंग म्हणतात, तो उभारणे हे त्यांचे काम. त्यांना नोकरीच्या पहिल्या आठवड्यात 'लदाव' आठवेना, तेव्हा अख्खी टोळी उन्हात त्यांच्यासाठी ताटकळत उभी राहिली होती. ते आजही म्हणतात, "लग्नात बायकोचं नाव घेताना एवढा घाम फुटला नव्हता."

मला हा प्रकार, स्पष्टच सांगतो, वेळेचा अपव्यय वाटे. मी तसे ताईला बोलूनही दाखवले होते. तिचे उत्तर ठरलेले असे. "तसं नाही."

हे दोन शब्द आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत. नकाशा दाखवा, चुन्याचा रंग दाखवा, सुट्टीचा अर्ज दाखवा, पहिले उत्तर "तसं नाही." मग कसे, ते पुढे. मी हे सांगत आहे, कारण मंडळी, गेल्या हिवाळ्यात ताईकडे एवढे दोनच शब्द शिल्लक राहिले.

तो दिवस इथल्या सहकाऱ्यांना आठवतो. दुपारी ती आरेखनाच्या टेबलाशी होती. हातातली पेन्सिल पडली, ती उचलायला वाकली आणि वर येऊ शकली नाही. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. आपण तिला ज्या त्वरेने रुग्णालयात नेलेत, त्याबद्दल आमचे कुटुंब आपले कायमचे ऋणी आहे. जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय हळूहळू पूर्वपदावर येऊ लागले. परंतु वाचा गेली. तिला सर्व समजत असे. आपण बोललेले कळे, विनोदावर ती हसे. मनातला अर्थ जागच्या जागी होता. त्याच्यापर्यंत पोहोचणारा शब्दच सापडत नसे. तोंड उघडले की एकच वाक्य बाहेर येई. चहा घेणार का? "तसं नाही." आणि कप हातात घ्यायची. दुखतंय का? "तसं नाही." आणि खांदा दाखवायची. माझ्या मुलीने एकदा धीर करून विचारले, "आत्या, तू बरी होणार ना?" ताईने तिच्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "तसं नाही." मग आपले बोलणे आपल्यालाच ऐकू आले तशी ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

आमच्या घरात प्रेमाचा कधीच तुटवडा नव्हता आणि तेच त्या काळात आडवे आले. ताईने ओठ उघडायचा अवकाश, की आम्ही पाचही जण शब्द घेऊन धावत असू. पाणी? पंखा? उशी? खिडकी लावू? चष्मा? पाहुणे त्यात भर घालीत. आमची मावशी तर पूर्ण वाक्येच पुरवीत असे, आणि ती ताईच्या वतीने स्वतःशीच सहमतही होत असे. वाचा-उपचाराच्या बाई आठवड्यातून दोनदा येत. त्यांच्याजवळ चित्रांच्या पट्ट्या होत्या. मांजर, कुलूप, केळे, छत्री. ताई त्या चित्रांकडे पाही आणि मान फिरवी. तिला केळे ओळखता येत नव्हते असे नाही. आयुष्यभर ज्या बाईने दगडांना नावे दिली, तिला कुणीतरी केळ्याचे चित्र दाखवून 'हे काय?' विचारावे, याचा तिला राग येत होता, असा माझा तर्क आहे. हळूहळू तिने ओठ उघडणेच थांबवले. उपचाराच्या बाईंनी एका संध्याकाळी मला जिन्यात थांबवून सांगितले, "हात-पाय सुधारतायत. पण बोलायचा प्रयत्नच सोडला, तर पुढे कठीण होईल." या वाक्यानंतर आमच्या घरात आवाज कमी झाले. मुलगी अभ्यास मनातल्या मनात करू लागली.

अशा अवस्थेत एका रविवारी सकाळी मुकादम आणि सुतारकाका भेटायला आले. आजाऱ्याच्या समाचाराला आलेल्या पुरुषमाणसांची जी गत होते, तीच त्यांची झाली. फळांची कागदी पिशवी कुणी द्यायची यावर दारातच थोडा वाद झाला. मग दोघे खुर्च्यांच्या कडेवर बसले. हवेबद्दल बोलून झाले. खोलीच्या छतावर ओल आलेली होती, तिच्याबद्दल तर फारच मनापासून बोलून झाले. पत्नीने चहा आणून ठेवला. मग बोलण्यासारखे काहीच उरले नाही. ताई डोळे मिटून पडली होती.

मुकादम हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही नाही तर हजेरी नाही. म्हणजे साइटवर आम्ही सगळेच गैरहजर."

ताईने डोळे उघडले.

सुतारकाकांनी कानावरची पेन्सिल काढली. फळे टेबलावर ओतली, रिकामी पिशवी हाताने सपाट केली आणि तिच्यावर एक कमान काढली. काढली म्हणजे अशी, की मोजपट्टी ठेवली असती तरी फरक सापडला नसता. पिशवी तिच्यासमोर धरली, पेन्सिलीचे टोक कमानीच्या एका जागेवर टेकवले आणि म्हणाले, "आज हजेरी मी घेणार. बोला बाई. हे काय?"

मला ते बरे वाटले नाही. मी पुढे झालो. तेवढ्यात मुकादमांनाच राहवले नाही. माणूस अंगाने मोठा, मनाने लोणी. ते म्हणाले, "बाई, उ—"

"ए! गप!" सुतारकाका कडाडले. "सांगायचं नाही. नियम कुणाचा आहे?"

"अरे, पण बाई आजारी आहेत—"

"मला उन्हात उभं केलं तेव्हा मी काय तालमीतून आलो होतो? कुणी सांगायचं नाही. वहिनी, तुम्ही पण नाही."

माझी पत्नी म्हणाली, "मला मुळात ठाऊकच नाही ते काय आहे."

"मग तुम्ही सगळ्यांत बऱ्या," सुतारकाका म्हणाले आणि पेन्सिल तशीच टेकवून बसून राहिले.

आणि मंडळी, सगळे थांबले. किती वेळ, ते मी मोजले नाही. हे माझ्या स्वभावाला धरून नाही, पण नाही मोजले. चहावर साय धरली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होते आणि ती सुरू होत नव्हती. ताईचा डावा हात पांघरुणावर हलत होता. ओठ जुळत आणि सुटत होते. "तसं नाही," ती म्हणाली. सुतारकाकांनी मान डोलावली, पण पेन्सिल हलवली नाही. पुन्हा, "तसं... नाही." त्या वेळी माझ्या मनात आले, की आता या माणसाला उठून दारापर्यंत पोहोचवावे. आणि मग ताईने डोळे घट्ट मिटले, जणू कुठल्यातरी अंधाऱ्या जिन्याने ती चाचपडत खाली उतरत होती, आणि म्हणाली,

"उ... ठाण."

मुकादमांना त्याच क्षणी बाल्कनीतून रस्त्यावर काहीतरी अत्यंत महत्त्वाचे दिसले असावे. ते पाठमोरे होऊन उभे राहिले आणि बराच वेळ तेच पाहत राहिले. माझी पत्नी रडू लागली. मी काय केले ते सभेत सांगण्याची आवश्यकता नाही. फक्त सुतारकाका शांत होते. ते म्हणाले, "हजर. पुढचं."

आणि पेन्सिल माथ्यावर नेली.

उपचाराच्या बाईंबद्दल या ठिकाणी कृतज्ञतेने दोन शब्द बोलणे माझे कर्तव्य आहे. दुसरा कुणी असता तर त्याला आपल्या पट्ट्यांचा अपमान वाटला असता. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली, फळांची ती चुरगळलेली पिशवी मागून घेतली आणि पलंगासमोरच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने लावली. त्यांनी आम्हाला समजावले, की जे शब्द माणसाने वर्षानुवर्षे हातांनी वापरलेले असतात, ते कधीकधी आपल्या वेगळ्याच वाटेने परततात. प्रत्येकाच्या बाबतीत असे होईलच असे नाही, पण वाट दिसली आहे तर तिच्यावरून चालावे. आणि मग त्या म्हणाल्या, "पण खरं औषध ती पिशवी नाही. तुमच्याकडच्या त्या काकांनी जे केलं, ते तुम्ही सगळ्यांनी करायचं. थांबायचं."

आम्ही होकार दिला. आम्हाला ते सोपे वाटले होते. आपणांपैकी कुणी प्रयत्न करून पाहावा. आपले माणूस डोळ्यांसमोर एका शब्दासाठी झगडते आहे, तो शब्द आपल्या जिभेवर आहे, आणि आपण तोंड मिटून पोळी मोडायची! एकदा ताईने जेवताना बोट वर केले. ओठ हलू लागले. आम्ही सर्वांनी ताटात माना घातल्या. माझी मुलगी पाणी प्यायली, पुन्हा प्यायली. 'मीठ' हा शब्द आला तेव्हा जेवणे आटोपून ताटे उचलली गेली होती. तरीही माझ्या पत्नीने मिठाची वाटी आणून तिच्यापुढे ठेवली. ताईने चिमूटभर मीठ जिभेवर ठेवले आणि म्हणाली, "छान." हा तिचा त्या हिवाळ्यातला पहिला न शोधता आलेला शब्द.

तोवर गवंडी, पाथरवट, आरेखक अशी सगळीच मंडळी पाळीपाळीने रविवारी येऊ लागली होती. शेजाऱ्यांना वाटले, आमच्याकडे दुरुस्ती निघाली आहे. छतावरची ओल खरोखरच दुरुस्त करून गेले, तेही जाता जाता. आधी कमानीचे शब्द आले. मग त्या शब्दांवर पाय देऊन ताई इतर शब्दांकडे जाऊ लागली. उघडलेल्या छत्रीला ती कित्येक दिवस घुमट म्हणत होती. वळणाच्या जिन्याखालच्या बोळाला लदाव म्हणाली, आणि तो खरोखरच लदाव निघाला. त्या इमारतीत इतकी वर्षे राहून मला ते माहीत नव्हते. एका सत्रात उपचाराच्या बाईंनी विचारले, "घरातली आणखी एखादी गोष्ट सांगा." ताईने माझ्या डोक्याकडे बोट केले आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "घुमट." बाई पेन हातात धरून थबकल्या. हे उत्तर चुकीचे म्हणून लिहावे की बरोबर म्हणून, असा त्यांना प्रश्न पडला. अखेर त्यांनी ते बरोबर धरले. मी त्याविरुद्ध दाद मागितलेली नाही.

आता मी आजच्या दिवसाकडे येतो, कारण अध्यक्षमहोदय घड्याळाकडे पाहू लागले आहेत आणि त्यांचे पाहणे योग्य आहे.

विभागाकडून या समारंभाची कार्यक्रमपत्रिका महिन्यापूर्वी आमच्या घरी आली. तिच्यात शेवटून दुसरी बाब अशी छापली होती: 'सत्कारमूर्तींचे मनोगत, वाचन, त्यांचे बंधू.' त्यामागची काळजी मी जाणतो आणि त्याबद्दल संयोजकांचे आभार मानतो. ताई दररोज थोडे थोडे सांगत होती आणि माझी मुलगी लिहून घेत होती, त्यामुळे मनोगत तयारही होते. मी पत्रिका ताईच्या हाती दिली. तिने चष्मा लावला, डाव्या हातात पेन्सिल घेतली आणि 'वाचन' पासून पुढचे सगळे खोडून टाकले.

"मी," ती म्हणाली.

मी म्हणालो, "ताई, भरलेलं सभागृह असणार. घरात पाच माणसांत बोलणं वेगळं."

"माहिती."

"शब्द अडला तर?"

"अडेल."

"मग?"

"मग... थांबेन. मग... येईल."

"आणि आलाच नाही तर?"

तिने पेन्सिल खाली ठेवली. "दुसरा... घेईन."

मी पत्नीकडे पाहिले. माझी पत्नी म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय? वन्सं बोलणार म्हणतायत, बोलतील. तुम्हाला बोलायची हौस असेल, तर आधी उरकून घ्या." त्यानुसार मी आत्ता उरकून घेत आहे.

तथापि माझा स्वभाव आपण जाणताच. संयोजकांनी मला सुचवले होते, की मनोगताची एक प्रत मी आतल्या खिशात ठेवावी. गरज पडली तर उठून पुढे वाचावे. मला ती सूचना अत्यंत विवेकी वाटली आणि मी तशी तयारीही केली. परवा सुतारकाका आले असता हे त्यांच्या कानी गेले. ते म्हणाले, "साहेब, तुमच्या खिशात कागद आहे, हे बाईंना कळल्याशिवाय राहणार नाही. मग सगळा भार कागदावर जाईल. सेंटरिंग खाली आहे तोवर कमान उभी आहे का नुसती टेकलीय, ते कुणालाच कळत नाही. कमानीला पण नाही."

मी म्हणालो, "आणि सेंटरिंग काढल्यावर कमान थोडी खाली बसते, असं ताईच सांगायची ना?"

"बसते ना. केसभर बसते," ते म्हणाले. "बसते, म्हणजे दगड एकमेकाला धरतात. बसलीच नाही, तर मला काळजी."

मी रात्रभर त्यावर विचार केला असे म्हणणार नाही. मला झोप लागली. पण आज सकाळी कोट घालताना मी ती प्रत काढून टेबलाच्या खणात ठेवली, खणाला कुलूप लावले आणि किल्ली पत्नीच्या हवाली केली. माझे खिसे रिकामे आहेत. सभागृहात त्या मनोगताची दुसरी प्रत कुणाजवळही नाही, याची मी खात्री करून घेतली आहे. आपणांपैकी कुणी ती वाचून दाखवू शकणार नाही, आणि मीही नाही.

म्हणून माझी आपणांस एक नम्र विनंती आहे. सहृदय सभेची एक सवय असते. बोलणारा अडखळला, की ती टाळ्या वाजवून त्याची सुटका करते. आज कृपया तसे करू नये. ताईला सुटका नको आहे. पहिल्या रांगेतल्या मावशींना माझी वेगळी विनंती आहे, ती त्या जाणतात. ताई मध्येच थांबेल. ते थांबणे आपल्याला वाटते त्यापेक्षा लांबेल, काही वेळा फारच लांबेल. त्या वेळात आपण केवळ बसून राहावे. शब्द तिकडून निघालेला असतो. त्याला येऊ द्यावे.

एवढा वेळ आपण शांतपणे ऐकून घेतलेत, त्याबद्दल मी अध्यक्षमहोदयांचा, प्रमुख पाहुण्यांचा आणि आपणां सर्वांचा आभारी आहे. मुकादम, सुतारकाका आणि दर रविवारी आमचा जिना चढून आलेल्या प्रत्येकाचे आभार मानायला माझ्याजवळ पुरेशी भाषा नाही; ते आभार आपण तिच्या बोलण्यातून मिळालेले समजावेत. स्थापत्यातले काही मी चुकीचे सांगितले असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, एखादा शब्द अधिक-उणा गेला असेल, तर तो अज्ञ माणसाचा दोष म्हणून पोटात घालावा. कार्यक्रमपत्रिकेनुसार ताईच्या मनोगतानंतर अल्पोपाहार आहे. तो आज निश्चितपणे थंड होणार आहे. त्याबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही.

ध्वनिक्षेपक थोडा खाली करून ठेवला आहे. पायरीशी कठडा डाव्या हाताला आहे.

ये, ताई.